चालत्या रोबोला आधी थांबायला शिकवा

वायरलेस गेम कंट्रोलर रोबोला जोडणे आता कठीण राहिलेले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी असो की सिडकोतल्या एखाद्या शाळेत आठवीत शिकणारी मुलगी, योग्य बोर्ड आणि योग्य गेमपॅड हाती असला तर एका संध्याकाळी काम होते. कंट्रोलरचा लुकलुकणारा दिवा स्थिर होतो आणि संगणकाच्या पडद्यावर आकडे धावू लागतात. बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. चाकांच्या गाडीला तेवढे पुरतेही. पायांवर चालणाऱ्या रोबोचे खरे काम मात्र इथून सुरू होते, कारण चालता चालता जोडणी तुटली तर त्याचा एक पाय हवेत असतो.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांनी बारा सर्व्होंचा चार पायांचा किंवा अठरा सर्व्होंचा सहा पायांचा रोबो बांधला आहे, किंवा येत्या सुट्टीत बांधायचे ठरवले आहे. त्यांना माझे पहिले सांगणे हे, की ‘चाल’ हा हुकूम लिहिण्याआधी ‘थांब’ हा हुकूम पक्का करा.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हा विषय नवा नाही. आशिया-पॅसिफिक देशांची एबीयू रोबोकॉन स्पर्धा २००८ साली पुण्यात झाली तेव्हा तिचा विषय ‘गोविंदा’ म्हणजे आपली दहीहंडी होता. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली. पुढे २०१९ मध्ये मंगोलियातील उलानबातर येथे झालेल्या स्पर्धेत घोड्यावरून निरोप पोहोचवण्याच्या जुन्या मंगोल टपाल पद्धतीवर खेळ बेतला होता आणि संघाचा दुसरा रोबो चाकांशिवाय, चार पायांवर चालणारा असावा असा नियम होता. त्या वर्षी देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना पाय या गोष्टीचा गांभीर्याने विचार करावा लागला. स्पर्धेत तो रोबो स्वयंचलित असणे बंधनकारक होते. तरीही पाय जुळवण्याच्या, तोल पाहण्याच्या काळात हातात कंट्रोलर असणे किती सोयीचे, हे असा रोबो बांधणाऱ्या कोणालाही विचारा.

विकत घेण्याआधी

पैठण गेटच्या मोबाइल दुकानांत किंवा ऑनलाइन ‘वायरलेस गेमपॅड’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. त्यांतला फरक न कळल्यामुळे अनेकांचे पैसे वाया जातात.

पहिली वस्तू यूएसबी डोंगल असलेला गेमपॅड. डोंगल संगणकात खोचायचा आणि खेळायचे. हा गेमपॅड साध्या अर्दुइनो उनोशी बोलूच शकत नाही, कारण यूएसबी उपकरण सांभाळण्याची सोय उनोत नसते. त्यासाठी वेगळी यूएसबी होस्ट शिल्ड लावावी लागते. रास्पबेरी पाय असेल तर मात्र डोंगल खोचताच काम होते. दुसरी वस्तू प्लेस्टेशन २ च्या धर्तीचा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा कंट्रोलर. त्याच्यासोबत नऊ पिनांचा रिसीव्हर येतो आणि त्याच्या तारा सरळ अर्दुइनोला जोडता येतात. शाळांमधून अर्दुइनोच असल्यामुळे हा प्रकार आजही टिकून आहे. तिसरी वस्तू खरा ब्लूटूथ गेमपॅड: सोनीचा ड्युअलशॉक ४ किंवा ड्युअलसेन्स, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वायरलेस, एटबिटडूचे गेमपॅड वगैरे.

ब्लूटूथ गेमपॅड घेणार असाल तर बोर्ड निवडताना डोळे उघडे ठेवा. ईएसपी ३२ या नावाने बरेच बोर्ड विकले जातात. मूळ ईएसपी ३२ मध्ये जुने ‘क्लासिक’ ब्लूटूथ आणि कमी ऊर्जेचे नवे बीएलई, दोन्ही असतात. एस ३ आणि सी ३ या नंतरच्या चिपमध्ये फक्त बीएलई आहे, आणि एस २ मध्ये ब्लूटूथच नाही. ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्स क्लासिकवर चालतात. त्यामुळे नवा, महागडा एस ३ बोर्ड घेतला आणि ड्युअलशॉक जोडायला बसलात तर तो कधीच जोडला जाणार नाही. दोष ना तुमचा, ना कंट्रोलरचा. इथे जुना, स्वस्त बोर्डच बरोबर आहे.

माझे मत विचाराल तर पहिल्या रोबोसाठी मूळ ईएसपी ३२ आणि ड्युअलशॉक ४ ही जोडी घ्या. शाळेच्या कपाटात अर्दुइनो पडून असेल आणि खर्च करायचा नसेल तर प्लेस्टेशन २ चा प्रकार. कॅमेरा बसवायचा असेल तेव्हाच रास्पबेरी पाय आणा. नुसत्या चालण्यासाठी त्याची गरज नाही. सर्व्हो मात्र शक्यतो एकाच दुकानातून, एकाच वेळी, दोन जास्तीचे धरून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणी जाणार असेल तर यादी आधी द्या. वेगवेगळ्या लॉटमधले सर्व्हो एकाच हुकमावर वेगवेगळ्या कोनात वळतात आणि रोबो लंगडतो.

जोडणी

ईएसपी ३२ साठी रिकार्डो केसाडा यांनी लिहिलेले ब्लूपॅड ३२ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरा. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: अर्दुइनो आयडीईमध्ये त्याची नुसती लायब्ररी टाकून भागत नाही, बोर्ड मॅनेजरमधून ब्लूपॅड ३२ चे स्वतंत्र बोर्ड पॅकेज घ्यावे लागते आणि प्रोग्राम चढवताना त्या यादीतला बोर्ड निवडावा लागतो. त्यासोबत येणारे उदाहरण जसेच्या तसे चढवा. मग ड्युअलशॉकवरची शेअर आणि पीएस ही दोन बटणे एकत्र दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकू लागला की सोडा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेला जोडणीचे छोटे बटण असते. पुढची जुळणी आपोआप होते. तुमचा कंट्रोलर घरातल्या प्लेस्टेशनला किंवा फोनला आधी जोडलेला असेल तर तो तिकडेच ओढ घेईल. ते यंत्र बंद करून पुन्हा जोडा. बाजारात ड्युअलशॉकच्या हुबेहूब नकलाही भरपूर आहेत, त्यांतल्या काही जुळतच नाहीत. त्यामुळे परत घेण्याची सोय असेल तिथूनच खरेदी करा.

प्लेस्टेशन २ च्या रिसीव्हरला डेटा, कमांड, क्लॉक आणि अटेन्शन या चार तारा, शिवाय ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड लागतात. तारांच्या रंगांवर विसंबू नका, नकली रिसीव्हरमध्ये रंग बदलतात. पिनांचा क्रम पाहा. डेटाची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये एक ते दहा किलोओहमचा रेझिस्टर घाला. बिल पोर्टर यांची पीएस२एक्स लायब्ररी यासाठी वर्षानुवर्षे वापरली जाते.

रास्पबेरी पायवर ब्लूटूथच्या आज्ञा देताना पेअर आणि कनेक्ट सगळेच करतात, ट्रस्ट विसरतात. मग दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आपणहून जुळत नाही.

आता पाय जोडण्याची घाई करू नका. पडद्यावर येणारे आकडे पाहत बसा. ब्लूपॅडमध्ये काडीचा (म्हणजे जॉयस्टिकचा) आकडा उणे ५११ ते ५१२ असा येतो, प्लेस्टेशन २ मध्ये ० ते २५५. दोन्हींत काडी पुढे ढकलली की आकडा कमी होतो, वाढत नाही. हे ध्यानात न घेतल्यास रोबो पहिल्याच दिवशी उलटा चालेल. काडी सोडल्यावर आकडा अगदी मध्यावर येत नाही, थोडा इकडेतिकडे राहतो, हेही तुम्हाला दिसेल. जेवढा राहतो त्याच्या दुप्पट पट्टा ‘शून्य’ धरा.

आणि एक प्रयोग जरूर करा. प्लेस्टेशन २ च्या रिसीव्हरची डेटाची तार काढा. सगळे आकडे २५५ होतील, कारण मोकळी तार रेझिस्टरमुळे वरच खेचलेली राहते. म्हणजे तार निसटली की रोबोला वाटते, दोन्ही काड्या पूर्ण मागे आणि पूर्ण उजवीकडे दाबल्या आहेत. त्या पद्धतीत बटण दाबले की बिट शून्य होतो, म्हणून त्याच वेळी एकही बटण दाबलेले दिसत नाही. असा रोबो टेबलावर असेल तर मागे मागे जात खाली पडेल. हा प्रयोग केलेला माणूस पुढचा ‘थांब’ हा भाग कधीच टाळत नाही.

वीज

‘सर, कंट्रोलर सारखा डिस्कनेक्ट होतोय’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा तिचे मूळ ब्लूटूथमध्ये नसून बॅटरीत असते. एमजी ९०एस हा छोटा धातूच्या गिअरचा सर्व्हो अडवून धरला तर सुमारे पाऊण अँपिअर ओढतो. असे बारा सर्व्हो एकदम जोर लावू लागले तर नऊ अँपिअर झाले. मोठा एमजी ९९६आर सहा व्होल्टला एकटाच अडीच अँपिअरपर्यंत जातो. आणि आपण काय लावतो? दुकानात सहज मिळणारा एलएम २५९६ चा मोड्यूल, ज्याची मर्यादा तीन अँपिअर आहे. रोबो उभा राहायला जातो, व्होल्टेज कोसळते, ईएसपी ३२ स्वतःला रीसेट करतो आणि त्यासोबत कंट्रोलरही तुटतो. सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ हा शब्द दिसला तर ब्लूटूथच्या सेटिंगला हात लावू नका.

सर्व्होंची वीज आणि बोर्डाची वीज वेगळी करा. दोन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीपासून सर्व्होंसाठी सहा व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा रेग्युलेटर आणि बोर्डासाठी छोटा स्वतंत्र रेग्युलेटर ठेवा. ग्राउंड मात्र दोन्हींचे एकच हवे, नाहीतर सर्व्हो वेड्यासारखे थरथरतील. ही बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते, म्हणून ती सर्व्होंना थेट जोडू नका. सर्व्हो चालवायला सोळा वाहिन्यांचा पीसीए ९६८५ ड्रायव्हर बोर्ड घ्या. अठरा सर्व्हो असतील तर असे दोन, आणि दुसऱ्याचा पत्ता बदलून. त्याच्या वीजपट्टीवर हजार किंवा बावीसशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची वेगळी सूचना द्यायला हवी. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी लिथियमची बॅटरी उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवून शिकवणीला जाऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. चार्जिंग लावून घराबाहेर पडू नका.

काडीचा अर्थ

काडीचे आकडे सरळ पायाच्या कोनांना जोडण्याचा मोह नवशिक्यांना होतो. काडी पुढे म्हणजे पाय पुढे, असे. त्यातून चालणे कधीच तयार होत नाही. काडीचे काम बैलाच्या कासऱ्यासारखे असते: कुठे जायचे आणि किती वेगाने जायचे एवढेच ती सांगते, कोणता पाय कधी उचलायचा ते बैल पाहतो. तुमच्या प्रोग्राममध्ये चालीचे चक्र स्वतंत्रपणे फिरत राहिले पाहिजे. सहा पायांच्या रोबोत तीन पाय जमिनीवर आणि तीन हवेत, मग उलट. काडीने फक्त त्या चक्रातल्या पावलाची लांबी आणि दिशा ठरवायची. डाव्या काडीने चालणे, उजव्या काडीने जागच्या जागी वळणे, हा संकेत जगभर रूढ आहे. लिंक्समोशनच्या फिनिक्स या सहा पायांच्या रोबोसाठी लिहिलेला आणि पुढे कर्ट एकहार्ट यांनी अर्दुइनोवर आणलेला कोड वाचा. हौशी लोकांनी लिहिलेला इतका विचारी कोड मी क्वचितच पाहिला आहे.

सर्व्होला वीस मिलिसेकंदांनी एकदा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा संदेश जातो. तुमचे चक्रही त्याच तालावर चालवा: कंट्रोलर वाचा, पावलाची लांबी ठरवा, पायांचे कोन काढा, पाठवा. ‘डिले’ ही आज्ञा या प्रोग्राममध्ये कुठेही नको. ज्या क्षणी प्रोग्राम डिलेमध्ये अडकतो त्या क्षणी रोबो बहिरा होतो.

पावलाची लांबी एकदम बदलू देऊ नका. समजा सर्वांत मोठे पाऊल ४० मिलिमीटरचे आहे. दर चक्राला ते फार तर दोन मिलिमीटरने वाढू किंवा घटू द्या. शून्यापासून पूर्ण वेगाला रोबोला ०.४ सेकंद लागेल. हाताला हा उशीर जाणवत नाही, सर्व्होच्या गिअरला मात्र नक्की जाणवतो. चालणे आणि वळणे एकदम पूर्ण दाबले तर बाहेरच्या बाजूच्या पायावर दोन्हींची बेरीज येते आणि तो आवाक्याबाहेर जातो, म्हणून बेरजेवरही मर्यादा घाला.

थांब

चाकांचा रोबो थांबवायचा तर मोटरची वीज तोडली की झाले. पायांच्या रोबोची वीज तोडली तर तो कोसळतो, आणि दोन किलोचा रोबो कोसळला की पहिल्यांदा सर्व्होचे दात जातात. म्हणून त्याचे थांबणे टप्प्याटप्प्याने होते. पावलाची लांबी शून्यावर आणायची, हवेतला पाय खाली टेकवायचा, चारही किंवा सहाही पायांवर स्थिर उभे राहायचे. काही सेकंद हुकूम आला नाही तर हळूहळू बसायचे. पोट जमिनीला टेकल्यावरच सर्व्हो मोकळे सोडायचे. हा क्रम एका फंक्शनमध्ये लिहा आणि तो कोणत्याही अवस्थेतून सुरू होऊ शकेल असा लिहा.

तो कधी सुरू करायचा? ‘कंट्रोलर तुटला’ असा निरोप ब्लूटूथकडून येण्याची वाट पाहू नका. क्लासिक ब्लूटूथमध्ये समोरचा गप्प झाल्यावर जोडणी तुटली असे ठरवण्याची मूळ मुदत वीस सेकंदांची असते. ती बदलता येते, पण तुमच्या हाती नसलेल्या आकड्यावर रोबो सोपवू नका. स्वतः घड्याळ ठेवा. कंट्रोलरकडून ताजी माहिती आली की वेळ नोंदवा. अर्ध्या सेकंदात नवी माहिती नाही, तर थांबण्याचा क्रम सुरू. इथे एक अडचण येते. काही गेमपॅड सतत बोलत राहतात, काही मात्र काडी किंवा बटण हलले तरच बोलतात. दुसऱ्या प्रकारात तुम्ही काडी एकाच जागी धरून ठेवली तरी रोबोला वाटेल की जोडणी गेली. तुमचा गेमपॅड कोणत्या प्रकारचा आहे हे दोन संदेशांमधला वेळ पडद्यावर छापून पाहा. चालत्या रोबोसाठी सतत बोलणारा गेमपॅडच चांगला.

प्लेस्टेशन २ च्या प्रकारात दर वेळी कंट्रोलर अॅनालॉग मोडमध्ये आहे का, हे त्याच्या उत्तराच्या सुरुवातीच्या बाइटवरून तपासा. फिनिक्सचा कोड हेच करतो: सलग काही वेळा उत्तर चुकीचे आले की रोबो बंद करतो. मघाची २५५ ची अडचण या एका तपासणीने सुटते.

आणखी तीन सवयी लावा. चालण्यासाठी एल १ बटण दाबून धरणे सक्तीचे करा. कंट्रोलर सोफ्यावर पडला आणि काडी दबली तरी रोबो जागचा हलणार नाही. वीज लावताच रोबोला उभा करू नका, स्टार्ट बटणाची वाट पाहायला लावा. जोडणी तुटून पुन्हा जुळली तर दोन्ही काड्या मध्यावर आल्याशिवाय चालणे सुरू करू देऊ नका. हे न केल्यास रोबो जुळताक्षणी धाव घेतो.

एक धोका प्रोग्रामच्या बाहेरचा आहे. ईएसपी ३२ अडकला तरी पीसीए ९६८५ शेवटचे संदेश सर्व्होंना देतच राहतो. रोबो त्याच अवस्थेत ताठ राहतो आणि सर्व्हो तापत जातात. बोर्डातला वॉचडॉग टाइमर चालू ठेवा, आणि सर्व्होंच्या विजेला हाताला सहज लागेल असा एक जाड स्विच पाठीवर बसवा.

जमिनीवर

पहिली चाचणी रोबोला डब्यावर किंवा स्टुलावर ठेवून, पाय अधांतरी ठेवून करा. चाल सुरू असताना कंट्रोलर बंद करा. कंट्रोलर बंद करणे आणि त्याला घेऊन दूर जाणे या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, दोन्ही करा. मग जमिनीवर उतरवा. आपल्या शाळांमधून शहाबादी फरशी असते, ती गुळगुळीत. प्लॅस्टिकचे पाय तिच्यावर घसरतात आणि प्रोग्राम चुकला असे वाटते. पायांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवा.

चिकलठाणा किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून अॅल्युमिनियमचा सांगाडा लेझरने कापून आणणार असाल तर ईएसपी ३२ चा अँटेना, म्हणजे बोर्डाच्या टोकाची ती नागमोडी रेघ, धातूच्या पत्र्यांमध्ये झाकू नका. तो भाग सांगाड्याबाहेर डोकावू द्या. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, ड्रोन, सगळे तिथेच दाटीवाटीने बसतात. शिवाय माणसाचे शरीर या लहरी शोषते. रिकाम्या सभागृहात छान चाललेला रोबो प्रदर्शनाच्या दिवशी गर्दीत अडखळतो तो यामुळे. प्रदर्शनात तुमच्या आणि रोबोच्या मध्ये कोणी उभे राहणार नाही अशी जागा मागून घ्या. तुमचा कंट्रोलर जुळला की ब्लूपॅडमध्ये नव्या जोडण्या बंद करा, म्हणजे शेजारच्या टेबलावरचा गेमपॅड तुमच्या रोबोला हुकूम देणार नाही.

शेवटी एक विनंती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून अनेक शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अर्दुइनो, सर्व्हो आणि सेन्सर आले आहेत. पुष्कळ ठिकाणी ते हाताळून दाखवणारा माणूस नसतो. तुमचा रोबो नीट चालू आणि थांबू लागला की तुमच्या जुन्या शाळेत एक शनिवार द्या, आणि कोडमधल्या टिपा मराठीत लिहून तो तिथल्या मुलांच्या हाती सोपवा.